तिच्यावाचून पान हलत नाही, म्हणून तीही हलत नाही

रेघोटी | रविवार, रात्री ११:१२

धागा काढू की नको करण्यात तीन आठवडे गेले. आज काढतेच.

आमच्याकडे अप्रेझलची शेवटची बैठक होती. आठ मॅनेजर, एक एचआरवाला, भिंतीवर एक्सेलचा तक्ता. आठांत बाई मी एकटी. एकेक नाव पुकारलं जायचं, ज्याच्या हाताखालचा माणूस असेल त्याने दोन मिनिटं बोलायचं आणि दोन आकडे सांगायचे. पहिला वर्षभराच्या कामाचा. दुसरा 'पोटेन्शियल'चा, म्हणजे हा माणूस पुढे कुठवर जाईल त्याचा अंदाज. टीम लीडची जागा एकच होती आणि माझ्याकडची नावं दोन. खरी नावं नकोत, क्ष आणि य म्हणू. क्ष ती, य तो.

क्षबद्दल मी म्हणाले, "अतिशय भरवशाची. तिच्यावाचून पान हलत नाही आमच्याकडे." काम ५ पैकी ५, पोटेन्शियल ३. यबद्दल म्हणाले, "थोडा कच्चा आहे अजून, पण धडाडी आहे. संधी दिली तर करून दाखवेल." काम ४, पोटेन्शियल ५.

चार मिनिटांत निकाल. जागा यला. कुणी आवाज चढवला नाही, बायकांबद्दल कुणी वावगं अक्षर काढलं नाही. दोन्ही आकडे माझेच होते.

दुसऱ्या दिवशी क्ष आली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "मॅडम, मला नक्की काय कमी पडलं?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले, 'स्ट्रॅटेजिक व्हिजिबिलिटी' वगैरे. तिने ते वहीत लिहून घेतलं. ते लिहून घेणं अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्या रात्री वर्षभराच्या ईमेल उघडून बसले. मीटिंगची मिनिट्स, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, जवळपास सगळी तिच्या नावाने. नवीन पोरांना शिकवायला ती. ऑडिट आलं की फायली लावायला ती. निरोपसमारंभाची वर्गणी गोळा करायला ती. आणि क्लायंटसमोर उभं राहून बोलायचं काम? तिन्ही वेळा य. ही वाटणी कुणी केली? मीच. कारण ती नाही म्हणत नाही, आणि काम एकदा दिलं की परत विचारावं लागत नाही.

आता एचआरने क्षसाठी 'आत्मविश्वास वृद्धी'चं दोन दिवसांचं वर्कशॉप सुचवलंय. मला हसू आलं आणि मग लाज वाटली.

ज्यांनी आपल्या ऑफिसात, कारखान्यात, कुठेही यातलं काही बदलून पाहिलंय त्यांनी लिहा. उपदेश नको, केलेलं सांगा.

शांता_नाही_अशांत | रविवार, रात्री ११:३१

वाचते आहे. प्रामाणिकपणाला दंडवत. (वर्गणी गोळा करणारी, बारा वर्षं.)

तळटीप | सोमवार, सकाळी ७:०५

तो दुसरा रकानाच खरा गुन्हेगार आहे. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या तीन अभ्यासकांनी उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या रिटेल साखळीतल्या सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांची रेटिंग तपासली. बायकांना कामाचे गुण पुरुषांपेक्षा जास्त आणि पोटेन्शियलचे कमी, हुबेहूब तुमच्या तक्त्यासारखं. गंमत पुढे आहे. जेवढं पोटेन्शियल एखाद्या पुरुषाला दिलं तेवढंच मिळालेल्या बायकांनी पुढच्या काळात त्याच्यापेक्षा चांगलं काम केलं, आणि नोकरी सोडून जायचं प्रमाणही त्यांच्यात कमी. म्हणजे अंदाज चुकला होता. तरी पुढच्या फेरीत अंदाज परत कमीच.

काम मोजता येतं. पोटेन्शियल हे मोजणाऱ्याच्या डोक्यात 'साहेब' कसा दिसतो त्याचं चित्र असतं.

दुसरं असं की 'ग्लास सीलिंग' (काचेचं छत, म्हणजे बायकांना वरच्या पदांवर जाताना आडवी येणारी न दिसणारी अडचण) हा शब्द मॅरिलिन लोडन यांनी १९७८ मध्ये वापरला, तेव्हापासून सगळे छताकडे बघत बसलेत. मोडकी आहे ती पहिली पायरी. मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी आणि लीन इन ही बायकांसाठी काम करणारी संस्था यांच्या २०१९ च्या अहवालात, अमेरिकेतल्या कंपन्यांत १०० पुरुष पहिल्या मॅनेजरपदावर चढले तेव्हा बायका ७२ चढल्या होत्या. २०२४ च्या अहवालात तो आकडा ८१. खालीच गळती असेल तर वर कुणाला निवडणार?

उंटावरचा शहाणा | सोमवार, सकाळी ९:४८

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. य खरंच जास्त लायक असेल ही शक्यता कुणी धरणारच नाही का? मिनिट्स चांगली लिहिणं आणि टीम चालवणं ही वेगळी कौशल्यं आहेत. उत्तम फलंदाज उत्तम कप्तान होतोच असं नाही. लेखिकेला अपराधी वाटतंय म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही.

रेघोटी | सोमवार, सकाळी १०:२०

@उंटावरचा शहाणा, शिव्या नाहीत, मुद्दा रास्त आहे. मीही स्वतःला हेच विचारलं. पण मग यने टीम चालवलेली तरी मी कुठे पाहिली होती? चार नवीन पोरांना कामाला लावून, त्यांच्या चुका निस्तरून, तारीख पाळून दाखवली ती क्षने. मी त्याला 'मदत' म्हटलं. यने केलं असतं तर 'नेतृत्व' म्हटलं असतं. हे कळायला मला तीन आठवडे लागले.

उंटावरचा शहाणा | सोमवार, सकाळी १०:२६

हं. यावर विचार करतो.

पाना-पक्कड | सोमवार, दुपारी १:१५

मी ऑफिसवाला नाही. कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालो. मोबाईलवरून टंकतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्या प्लँटला पहिल्यांदा बाई सुपरवायझर झाली तेव्हा तिला कोणती लाइन दिली असेल? जिचं रिजेक्शन सगळ्यात जास्त, जिच्यावरून आधीचे दोघे पळाले होते, ती. वर साहेब म्हणाले, बघा आम्ही बाईला संधी दिली. मशीनचे बेअरिंग गेलेले, त्याची मागणी सहा महिने पडून. तिने आल्या आल्या काय केलं तर शिफ्ट संपताना टाकाऊ माल वजन करून फेकायच्या आधी टेबलावर मांडायला लावला. कुठला तुकडा कुठल्या मशीनचा, कुठे चरा पडलाय, सगळ्यांना दिसायला लागलं. आम्ही हसलो. आठवड्याभरात दोन मशीन सापडली, सगळी खराबी तिथलीच. आता बेअरिंग द्या म्हणून ती मागे लागली, तर ती 'कटकटी' ठरली. हीच मागणी मी टेबलावर हात आपटून केली असती तर 'कडक माणूस' म्हणाले असते, मला ठाऊक आहे.

बेअरिंग आले, लाइन सुधारली. तोवर ती बाई नोकरी सोडून गेली होती. श्रेय पुढच्या माणसाला मिळालं. पुढचा माणूस मी.

तळटीप | सोमवार, दुपारी १:४०

काका, शेवटचं वाक्य चटका लावून गेलं.

तुम्ही सांगितलंत त्याला नाव आहे, 'ग्लास क्लिफ', काचेचा कडा. मिशेल रायन आणि ॲलेक्स हॅस्लम यांनी २००५ मध्ये मांडलं. कंपनी गडगडत असताना बाईला वर बसवायची शक्यता वाढते. ती पडली तर 'बायकांना जमत नाही', तरली तर नशीब.

शुक्रतारा | सोमवार, संध्याकाळी ६:०२

सगळं पटलं, पण बायकांचंही चुकतंच की. पुरुष ६० टक्के अटी पूर्ण होत असल्या तरी अर्ज करतात आणि बाई १०० टक्के झाल्याशिवाय करत नाही, हे संशोधनाने सिद्ध झालंय. पुढे व्हायला शिका, मागायला शिका!

तळटीप | सोमवार, संध्याकाळी ६:३०

शुक्रताराताई, तो ६०-१०० चा आकडा जगभर फिरतोय, पण त्यामागे संशोधन नाही. एका कंपनीच्या अंतर्गत अहवालातला म्हणून तो सांगितला जातो. टारा मोर यांनी २०१४ मध्ये लोकांना थेट विचारलं, अर्ज का केला नाहीत? बायका आणि पुरुष दोघांचंही पहिलं कारण एकच, अटीत बसत नाही तर घेणार नाहीत, उगाच वेळ का घालवा. काम जमणार नाही असं वाटून मागे राहिलेले थोडेच. अटी लिहिल्यात म्हणजे त्या पाळतात, असं त्यांनी धरलं होतं.

'मागत नाहीत' हेही पुरतं खरं नाही. ऑस्ट्रेलियातल्या कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आर्ट्झ, गुडॉल आणि ऑस्वॉल्ड यांचा २०१८ चा अभ्यास आहे. पगारवाढ मागायचं प्रमाण दोघांत सारखंच. मिळायचं प्रमाण पुरुषांत २० टक्के, बायकांत १५.

शुक्रतारा | सोमवार, संध्याकाळी ६:४१

अरेच्चा. आमच्या प्रशिक्षणात तर हीच स्लाइड पहिली असते. मीच दाखवते ती. 🙈

वीसकलमी | सोमवार, रात्री ८:५५

लेखिकेने 'केलेलं सांगा' म्हटलंय म्हणून.

आमच्या लॅबमध्ये मिनिट्स आता आडनावाच्या अकारविल्हे पाळीने. कुणाला विचारायचं नाही, कुणी हात वर करायचा नाही. हे 'विचारायचं नाही' फार महत्त्वाचं आहे. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये यावर प्रयोग छापले. बढतीला उपयोग नसलेलं, पण कुणीतरी करायलाच हवं असं काम गटापुढे ठेवायचं. मिश्र गटात बायका पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा पुढे झाल्या. गटात नुसते पुरुष असले तर मात्र पुरुषही तितक्याच वेळा पुढे होतात! म्हणजे स्वभावाचा प्रश्न नाही. बाई बसलेली दिसली की ती करेल असं सगळ्यांना वाटतं, तिलाही वाटतं. काम वाटायला एकाला बसवलं तर तो बायकांना ४४ टक्के जास्त वेळा विचारतो. आणि विचारल्यावर हो म्हणायचं प्रमाण बायकांत ७६ टक्के, पुरुषांत ५१.

पाळी लावल्यावर आमच्याकडे पहिले दोन महिने मिनिट्स भयंकर निघाली. एकाने अख्खी बैठक 'चर्चा झाली' या दोन शब्दांत उरकली. बॉस म्हणाले, पूर्वीच्याच बाईंना देऊ परत. मी अडून बसलो. वाईट काम करून सुटका करून घ्यायची युक्ती आपण सगळेच शाळेपासून जाणतो.

मुक्कामपोस्ट | सोमवार, रात्री १०:१७

वेगळा सूर लावते. मी प्रमोशन नाकारलंय. दोनदा. दोन्ही वेळा मला समजावायला लोक आले, 'तुला जमेल गं, घाबरू नकोस.' मी घाबरले नव्हतेच. वरच्या खुर्चीची अट होती की रात्री साडेनऊला कुणाचाही फोन आला तरी तो घ्यायचा. घरी लहान मूल, नवऱ्याची नोकरीही तशीच. दोघांपैकी एकाने तरी फोन न घेणारं असायला हवं होतं. तो एक कोण, हे ठरवायला चर्चाही झाली नाही.

मला नेतृत्व नको होतं असं नाही. ते असं नको होतं.

तळटीप | सोमवार, रात्री १०:५०

+१००. क्लॉडिया गोल्डिन (२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल) अशा नोकऱ्यांना हावऱ्या नोकऱ्या म्हणतात. कधीही हाक मारा, हजर राहणाऱ्याला भरमसाट मोबदला. जोडप्यातल्या एकाने ती घेतली की दुसऱ्याला घेता येत नाही. त्यांनी आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी अमेरिकेतल्या फार्मसिस्टच्या व्यवसायाचा अभ्यास केला. तिथे बायका आणि पुरुषांच्या मिळकतीतली दरी फार कमी. कारण? सगळी नोंद कॉम्प्युटरवर, औषधं प्रमाणित. एकाची पाळी संपली की दुसरा तिथूनच पुढे सुरू करतो. ग्राहकाला अमुकच माणूस लागत नाही.

आता धाग्याचं शीर्षक परत वाचा.

मुक्कामपोस्ट | सोमवार, रात्री ११:०२

वाचलं. म्हणजे 'माझ्यावाचून पान हलत नाही' हे मिरवायचं नसतं तर.

बिनपगारी | मंगळवार, सकाळी ८:३३

सगळ्यावर एकच उपाय, कोटा ठेवा. बाकी चर्चा म्हणजे वेळकाढूपणा.

उंटावरचा शहाणा | मंगळवार, सकाळी ९:१०

आलंच! कोट्याने आलेल्या बाईकडे लोक जन्मभर 'कोट्यातली' म्हणून बघणार.

तळटीप | मंगळवार, सकाळी ९:५५

दोघांनाही अर्धे अर्धे गुण.

नॉर्वेने २००३ मध्ये कायदा केला, २००८ पर्यंत पब्लिक लिमिटेड कंपन्यांच्या संचालक मंडळात किमान ४० टक्के बायका हव्यात, नाहीतर कंपनीच बरखास्त. नंतर झालेल्या अभ्यासात दिसलं की नव्याने आलेल्या संचालक बायका आधीच्या बायकांपेक्षा जास्त शिकलेल्या, अनुभवी होत्या. 'लायक बायकाच नाहीत' हे रडगाणं खोटं निघालं. पण त्याच कंपन्यांत खालच्या पायऱ्यांवरच्या बायकांना त्याचा फारसा फायदा झाला नाही. वरून ओतलेलं खाली झिरपलं नाही.

'कोट्यातली' या शिक्क्याचं मात्र उत्तर आहे. पश्चिम बंगालच्या ग्रामपंचायतींत सरपंचपदाचं आरक्षण गावागावांतून फिरतं राहिलं, त्यामुळे आयताच प्रयोग झाला. संशोधकांनी एकच भाषण पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात ऐकवून गावकऱ्यांना गुण द्यायला सांगितले. जिथे बाई कधी प्रमुख नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे ते पद बाईने सांभाळलं होतं तिथे हा फरक जवळपास पुसला गेला. आणि जिथे दोनदा आरक्षण होऊन गेलं तिथे पुढे खुल्या जागेवरही बायका जास्त उभ्या राहिल्या, जास्त निवडून आल्या. पहिलीला त्रास झालाच. तो चुकत नाही. पण एकदा पाहिलं की माणसाची नजर सरावते.

उंटावरचा शहाणा | मंगळवार, सकाळी १०:१२

'एकदा पाहिलं की' हे पटलं. कोट्याबद्दल मत राखून ठेवतो.

जुनी_सही | मंगळवार, दुपारी ३:२०

मी एका संस्थेत विभागप्रमुख आहे, आता निवृत्तीला आले. रेघोटी, तुला एकेरी लिहिते, चालेल ना?

मला आयुष्यात सल्ला देणारे चिक्कार भेटले. कसं बोलावं, कसं बसावं, कुठे हसू नये. सगळ्यांचे आभार. पण मी या खुर्चीत आले ती एका माणसामुळे, ज्याने मला कधी काहीच सल्ला दिला नाही. निवड समितीत माझं नाव निघालं तेव्हा कुणीतरी म्हणालं, 'त्या जरा हळव्या आहेत.' हा गृहस्थ म्हणाला, 'एक उदाहरण सांगा.' कुणालाच सांगता येईना. एवढंच. मला हे दोन वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून.

हर्मिनिया इबारा यांनी २०१० मध्ये याच फरकावर लिहिलं होतं. बायकांना मार्गदर्शक भरपूर मिळतात, पण आपलं वजन खर्च करून त्यांचं नाव पुढे रेटणारा मिळत नाही.

त्या बैठकीत क्षच्या बाजूने असं कुणी नव्हतं, कारण ती जागा तुझी होती. तू तिच्यासाठी वर्कशॉप शोधू नकोस. पुढच्या बैठकीत 'एक उदाहरण सांगा' म्हण. सगळ्यांना म्हण, स्वतःलाही. यच्या धडाडीचं उदाहरण तुला तरी देता आलं असतं का?

रेघोटी | मंगळवार, दुपारी ३:५२

एकेरीच लिहा.

नाही. देता आलं नसतं.

शांता_नाही_अशांत | मंगळवार, दुपारी ४:०५

'एक उदाहरण सांगा' हे मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंय.

बोलघेवडा | मंगळवार, रात्री ९:३०

बैठकीत बसलेल्यांसाठी एक छोटी युक्ती. ओबामांच्या काळात व्हाइट हाऊसमधल्या बायका करायच्या, २०१६ मध्ये त्याबद्दल छापून आलं होतं. एकीने मुद्दा मांडला की दुसरीने तो तिचं नाव घेऊन परत म्हणायचा, म्हणजे तो हवेत विरत नाही आणि दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. मी पुरुष आहे, मीही करतो. फुकट आहे, परवानगी लागत नाही.

अवांतर: पहिल्यांदा केलं तेव्हा शेजारचा म्हणाला, 'तू आज तिचा पोपट झालास काय?' इतकी वर्षं तिचेच मुद्दे स्वतःचे म्हणून बोलणारा तो, पोपट मात्र मी.

वीसकलमी | बुधवार, सकाळी ७:४४

अजून एक राहिलं. बढतीसाठी अर्ज मागवूच नका. पात्र असलेल्या सगळ्यांची नावं आपोआप यादीत धरा, ज्याला नको त्याने नाव काढायला सांगावं. जॉइस ही, सोनिया कँग आणि निकोला लासेतेरा यांच्या २०२१ च्या प्रयोगांत एवढ्याशा बदलाने स्पर्धेत उतरण्यातली बायका-पुरुषांमधली तफावत कमी झाली. 'स्वतःचं घोडं दामटते' हा टोमणा बाईला खावा लागत नाही, कारण घोडं नियमानेच दामटलेलं असतं.

मुक्कामपोस्टबाईंसारख्यांना नाही म्हणायची सोय राहतेच. फक्त तो फोन साडेनऊला का यावा, हे त्यानंतर तरी कुणीतरी विचारायला हवं.

रेघोटी | पुढच्या मंगळवारी, रात्री १०:४०

कुणी विचारण्याआधीच सांगते, जादू झालेली नाही.

बॉसकडे गेले. रेटिंग बदला म्हटलं. ते म्हणाले, 'सिस्टिम लॉक झाली, आणि तुझेच आकडे आहेत.' दोन्ही खरं. यची जागा काढून घ्यावी असं मला वाटतही नाही, त्याचा यात काय दोष. पण पुढच्या खेपेला पोटेन्शियलच्या रकान्यापुढे उदाहरण लिहायचा रकाना हवा, एवढं एचआरने मान्य केलं. वर्कशॉप रद्द करायला लावलं. मोठ्या क्लायंटचं तिमाही सादरीकरण आता क्षकडे, आणि तिच्याकडची ऑडिटची फाइलबंदी दोन जण शिकताहेत. म्हणजे तिच्यावाचून पान हलेल.

मग क्षला बोलावून सगळं सांगितलं. आकडेसुद्धा. हे नियमात बसत नाही, माहीत आहे. व्हिजिबिलिटीचं जे बोलले होते ते वहीतून खोडायला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, मी दुसऱ्या विभागात अर्ज केलाय. मागच्याच आठवड्यात. तुमचं शिफारसपत्र लागेल." मी रात्री बसून लिहिलं. 'भरवशाची' हा शब्द दोनदा आला होता, दोन्ही खोडले. तिने काय काय केलं तेवढंच लिहिलं. दीड पान झालं.

काल सोमवारची बैठक. मी सांगितलं, आजपासून मिनिट्स पाळीने. खोलीत अकरा जण. अकरांच्या अकरा क्षकडे बघायला लागले. ती खिडकीबाहेर बघत होती. कुणीच हलेना. शेवटी यने पेन उचललं.

पाना-पक्कड | पुढच्या मंगळवारी, रात्री १०:५८

कशी लिहिली त्याने?

रेघोटी | पुढच्या मंगळवारी, रात्री ११:०१

दोन ओळी, काका. त्यातली एक तारीख.

वीसकलमी | पुढच्या मंगळवारी, रात्री ११:०३

अडून बसा.